सहा माणसांचा पिकअप

लव्हर्न कुबिचेकनं चाकांवरचं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा तो सूप पीत होता. सिंकपाशी उभ्यानं, पातेल्यातूनच. आर्डिस ॲरिझोनात गेल्यापासून तो सगळं उभ्यानंच खायचा. (बशी घेतली की ती धुवावी लागते, आणि टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते.) सिंकवरच्या खिडकीतून शेजारच्या ड्वेन प्रोखास्काचं अंगण दिसायचं. अंगणात त्याचा राहण्याचा ट्रेलर गेली कित्येक वर्षं उभा होता, आणि त्या दिवशी त्याच्या काचेला 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती.

आर्डिस त्याची बायको. तिकडे टूसॉनला त्यांच्या मुलीला, जोलीनला, जुळी झाली म्हणून ती ऑक्टोबरात गेली. सहा आठवड्यांत येते म्हणाली होती. ती गेली तेव्हा नेब्रास्कात मका शेतात उभा होता. मग मका निघाला, बर्फ पडलं, बर्फ वितळायला लागलं, तरी आर्डिस तिकडेच. भांडण म्हणावं तर झालं नव्हतं. भांडायला दोघांनी बोलावं लागतं, आणि लव्हर्नची सगळी हयात गावातल्या धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याच्या खिडकीत गेली होती. तिथे 'भरलेला?', 'रिकामा?' आणि 'पुढे घ्या' एवढ्या चार शब्दांवर माणसाचं छान भागतं.

दर रविवारी तो फोन करायचा.

"कधी येतेस?"

"बघू. पोरांना दात येतायत."

"बरं."

"तू जेवतोस ना?"

"हो."

"बसून?"

इथे लव्हर्नला नेहमी आवाज नीट ऐकू येईनासा व्हायचा.

नाताळात तो टूसॉनला जाऊन आला होता. जोलीनचं घर लहान, त्यामुळे त्याची सोय बैठकीतल्या सोफ्यावर. रात्री दुधाची बाटली घेऊन जो तो त्याच्या पायांना अडखळून जायचा आणि 'सॉरी बाबा' म्हणायचा. तिसऱ्या रात्री तर जावई ब्रेंट एक बाळ त्याच्या पोटावर ठेवून दुसरं आणायला गेला, अंधारात उशी समजून. लव्हर्न घरी परतला. तिकडे आर्डिसला उसंत नव्हती आणि त्याला जागा नव्हती. आता जागा आपणच बरोबर नेली तर?

ड्वेननं ट्रेलर आनंदानं दिला. पंचाईत झाली ती ओढण्याची. लव्हर्नकडे एक जुना, छोटा पिकअप होता. त्यातून तो कचरा नेई आणि वर्षाकाठी एक गादी. ट्रेलर त्याला जोडला आणि पिकअपचं मागचं अंग जमिनीला टेकलं, पुढचं अंग आकाशाकडे गेलं. घोडा मागच्या पायांवर उभा राहावा तसं.

"चालव, चालव! काही होत नाही!" ड्वेन ओरडला. (ड्वेनला आयुष्यात कधीच काही झालं नव्हतं, कारण तो नेहमी बाजूला उभा असायचा.)

लव्हर्ननं चालवला. चर्चपर्यंत. तिथल्या चढावर स्टिअरिंग इकडे फिरवावं की तिकडे, चाकांना काही फरक पडेना. पुढची चाकं रस्त्याला नुसती चाटून जात होती. दिवे भर दुपारी झाडांच्या शेंड्यांवर पडले होते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढली.

"तुला मोठा पिकअप पाहिजे," ड्वेन म्हणाला.

म्हणून एका शनिवारी लव्हर्न ग्रँड आयलंड या जवळच्या शहरात, गाड्यांच्या दुकानात गेला. तिथला विक्रेता कर्टिस हा मोठा गोड माणूस. त्यानं लव्हर्नला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. कित्येक महिन्यांत लव्हर्नला कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

"ट्रेलर केवढा?"

लव्हर्ननं सांगितलं.

"मग मधला पिकअप बास. पण एक सांगतो, लोक चुकतात ते इथेच. ओढायला किती जोर आहे तेवढंच बघतात. ट्रेलरचं नाक पिकअपवर दाबतं, त्याचं वजन. आत माणसं बसतात, त्यांचं वजन. सगळं पिकअपच्या पाठीवर येतं. तर माणसं किती असणार?"

इथे खरं सांगितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. काट्यावर लव्हर्ननं कधी कुणाचं एक पौंड वजन इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं. पण त्या उबदार ऑफिसात, हातात कॉफी, समोर आस्थेनं पेन उघडून बसलेला माणूस... 'एक' हा आकडा त्याच्या तोंडून निघेना.

"दोघं," तो म्हणाला. "मी आणि बायको."

"छान!" कर्टिस म्हणाला. तो इतक्या मनापासून म्हणाला, की लव्हर्नला राहवलं नाही.

"मुलगीही येते कधीकधी. आणि जावई."

"वा! मग मागच्या सीटवाला लागेल. थोडा दणकट."

"जुळी नातवंडं आहेत."

"अरे वा, अभिनंदन! त्यांच्या खुर्च्या, बाबागाड्या, सामान..." कर्टिसनं पुन्हा बेरीज केली आणि खिडकीबाहेर आणखी लांबच्या रांगेकडे बोट दाखवलं. "कुत्रा?"

"आहे," लव्हर्न म्हणाला. "मोठा आहे." (कुत्रा नव्हता. मांजरसुद्धा नव्हतं.)

असं करत करत लव्हर्न जेव्हा बाहेर पडला, तेव्हा तो सहा माणसांच्या, मागे जोडचाकं असलेल्या, शिडीवर पाय ठेवून चढाव्या लागणाऱ्या पिकअपमध्ये बसला होता. एकटा. कर्टिस खालून हात हलवत म्हणाला, "बघा, मागे ट्रेलर आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही!"

पिकअप गॅरेजात मावला नाही. अंगणातही वाकडा लावला तर त्याचं बूड ड्वेनच्या मेलबॉक्सवर जाई. न्हाव्याकडे लावायला जागा नाही, चर्चमध्ये दोन जागा अडवतो म्हणून पाद्रीबाबा मोठ्या प्रेमानं बोलले. घोटभर दूध आणायला लव्हर्न चालत जाऊ लागला.

रविवारी त्यानं आर्डिसला सांगितलं, "एक गाडी घेतली. मोठी आहे जरा."

"मोठी म्हणजे? किती जण बसतात?"

"सहा."

आर्डिस म्हणाली, "मग बाकीचे पाच कोण, लव्हर्न?"

त्याला पुन्हा ऐकू येईनासं झालं.

मार्चमध्ये तो निघाला. जाताना ड्वेननं खिडकीशी लोंबकळून सल्ला दिला, "आरशात बघत बसू नकोस. आरशात बघणारा माणूस खड्ड्यात जातो. सरळ पुढे बघ!" लव्हर्न पुढे बघत गेला. कॅन्ससचा रस्ता पुढे बघण्यासाठीच केलेला आहे. दुसरं काही नसतंच तिथे. बाकीच्या पाच सीट रिकाम्या, त्यांच्या पट्ट्यांची बक्कलं खडखडत होती. लव्हर्ननं एकदा मान वळवून त्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि मग स्वतःशीच लाजून रेडिओ लावला.

संध्याकाळी तो एका ट्रेलरतळावर थांबला. गावात जेवायला हे सगळं लटांबर घेऊन वळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं ट्रेलर सोडवून ठेवला. खाऊन आला, ट्रेलरमध्ये झोपला. सकाळी दाट धुकं होतं. त्यानं पिकअप मागे घेतला, ट्रेलर अडकवायचा मागचा लोखंडी गोळा ट्रेलरच्या नाकाखाली बरोबर आणला. आता फक्त नाक खाली उतरवून कडी लावायची, तेवढ्यात तळाची मालकीणबाई ओनिटा कॉफीचा मग घेऊन आली.

"कुठे निघालात एवढ्या धुक्यात?"

"टूसॉनला. बायको असते तिथे."

"आणि तुम्ही?"

आता याला काय उत्तर द्यायचं? लव्हर्न बोलायला लागला. पोरांचे दात, सोफा, गॅरेज, सगळं बोलला. ओनिटानं कॉफीचा मग परत भरून आणला. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर त्याचं त्यालाच थांबवेना. शेवटी तिला दुसरीकडे कुणी हाक मारली, तिनं त्याचा हात दाबला, "जा बाबा, ती वाट बघत असेल," म्हणाली, आणि लव्हर्न घाईघाईनं शिडी चढून पिकअपमध्ये बसला आणि निघाला.

आणि काय पळाला तो पिकअप! चढ नाही, ओढ नाही, वाऱ्याचा धक्का नाही. आरशात धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि आरशात बघायचंच नव्हतं. लव्हर्न इतका खूश झाला, की रविवार नसताना त्यानं आर्डिसला फोन लावला.

"आर्डिस, मी ट्रेलर घेऊन तुझ्याकडे येतोय."

"कसला ट्रेलर?"

"ड्वेनचा! आपला आता. आणि काय सांगू तुला, मागे काही आहे असं वाटतच नाही!"

पुढच्या पेट्रोलपंपावर तो ऐटीत वळला. लांब ट्रेलर घेऊन वळावं तसा, अख्ख्या अंगणाला प्रदक्षिणा घालून. पंपावरचा एक ट्रकवाला बघत राहिला.

"आजोबा, केवढा हा वळसा? लग्नाची वरात आहे का मागे?"

लव्हर्न हसत शिडी उतरला, मागे गेला, आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. मागे गोळा होता. गोळ्यावर दव होतं. बाकी कॅन्सस होतं.

त्याच्या डोळ्यांपुढे सगळं येऊन गेलं. निसटलेला ट्रेलर, समोरून शाळेची बस, वर्तमानपत्र. त्यानं शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ऑफिसला फोन केला.

"माझा ट्रेलर हरवलाय."

"शेवटचा कधी पाहिला?" तिकडून एका बाईनं विचारलं.

"आज सकाळी. मी त्यात झोपलो होतो."

"म्हणजे तुम्ही आत असताना तो हरवला?"

"नाही हो. तेव्हा मला माहीत होतं तो कुठे आहे."

"काका, तुम्ही बरे आहात ना? बरोबर कोणी आहे का तुमच्या?"

"नाही," लव्हर्न म्हणाला. त्या सबंध प्रवासात हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाला. "कोणीच नाही."

बाई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "थांबा हं. आत्ताच एका ट्रेलरतळावरून फोन आला होता. एक गृहस्थ आपलं घर विसरून गेलेत म्हणे."

लव्हर्ननं आर्डिसला पुन्हा फोन केला. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. सांगितलं, आणि आर्डिस हसायला लागली. किती हसली! दोन्ही पोरं उठली, तरी हसत होती. लव्हर्नला वाटलं, हा आवाज आपण किती महिन्यांनी ऐकतोय. मग तिचं हसणं ओसरलं आणि ती नाक ओढायला लागली.

"लव्हर्न, मला परत ये असं एकदा तरी म्हणालास का रे तू?"

"दर रविवारी विचारत होतो की! कधी येतेस म्हणून!"

"ते तू काट्यावर विचारायचास तसं. पुढचा ट्रक कधी लागतोय. मला वाटलं, माझ्यावाचून तुझं बरं चाललंय."

लव्हर्न पिकअपच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

"मी उभ्यानं जेवतो, आर्डिस," तो म्हणाला.

"मग ये," ती म्हणाली. "पण आधी ट्रेलर जोड."

तो तळावर परत गेला. ओनिटानं स्वतः कडी लावून घेतली आणि दोनदा हलवून पाहिली. पुढचा सगळा प्रवास लव्हर्ननं आरशात बघत केला, आणि खड्ड्यात गेला नाही.

जोलीनच्या वसाहतीत ट्रेलर उभा करू देईनात, म्हणून त्यानं तो गावाबाहेरच्या तळावर, निवडुंगांच्या कडेला लावला. आर्डिस आली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, खांद्यावर दूध सांडल्याचा डाग. तिनं पडदे पाहिले, शेगडी पाहिली, पलंगावर बसून पाहिलं.

"किती शांत आहे रे इथे," ती म्हणाली. "पाच मिनिटं पडते."

ती संध्याकाळपर्यंत झोपली. लव्हर्न दाराबाहेर खुर्ची टाकून राखण करत बसला. शेजारच्याला रेडिओ बंद करायला लावला, एका कावळ्याला हाकललं. त्याला वाटलं, चाळीस वर्षांच्या संसारात आपण इतकं नेमकं काही घेतलं नव्हतं.

उठल्यावर आर्डिसचा चेहराच बदलला होता. तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"मी ठरवलंय. मी आता इथेच राहणार."

लव्हर्नच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि तू जोलीनकडे जा," ती म्हणाली. "मला महिनाभर नुसतं झोपायचंय. पोरं पहाटे उठतात. एकाला डाव्या खांद्यावर घ्यायचं, दुसऱ्याला उजव्या. उलट केलंस तर रडतात."

दहाएक दिवसांनी, एका दुपारी, ब्रेंटनं पोरं सांभाळायची तयारी दाखवली तेव्हा लव्हर्न फुलं घेऊन तळावर आला. शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर दुधाचे डाग होते. ट्रेलरचे पडदे ओढलेले होते. त्यानं हळूच कडी वाजवली, तशी शेजारचा रेडिओवाला लगबगीनं उठून आला. त्या दिवशी रेडिओ बंद करायला लावणारा तो हाच, हे त्याला ओळखू आलं नाही.

"श्श! वाजवू नका. त्या बाई एकट्या असतात, दुपारी झोपतात. ऑर्डरची फुलं असतील तर पायरीवर ठेवून जा, मी देईन त्यांना."

लव्हर्ननं फुलं पायरीवर ठेवली. मग थोडा विचार करून तोही फुलांच्या शेजारी बसला.

"फुलांचे पैसे मिळाले ना तुम्हाला?" रेडिओवाल्यानं विचारलं.