जिन्यातलं अंतराळ

"डब्याला कुणी हात लावायचा नाही," असं बाईंनी दारातून तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याला थोडा रागच आला. तो गाद्यांच्या दुकानात विक्रीचं काम बघायचा. नाजूक पाठीची आणि त्याहून नाजूक स्वभावाची गिऱ्हाइकं दिवसभर सांभाळणाऱ्या माणसाला एक डबा सांभाळणं काय जड? पण बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि सकाळी रॉकेट कंपनीचा इंजिनियर डबा न्यायला येणार होता.

हे रॉकेट काही चंद्रावर वगैरे जाणारं नव्हतं. अंतराळाच्या उंबरठ्याला शिवायचं आणि परत यायचं, एवढाच त्याचा प्रवास. पण त्या वरच्या वळणावर काही मिनिटं आतल्या प्रत्येक वस्तूचं वजन नाहीसं होई, आणि तेवढ्यासाठी कंपनी शास्त्रज्ञांचे, आणि आता शाळांचेही, प्रयोग वर नेत असे. बाईंच्या मुलांचा प्रश्न साधा होता: वजनच उरलं नाही तर बाटलीतलं पाणी बसणार कुठं? डब्यात निळं पाणी अर्धवट भरलेली एक बाटली होती आणि तिच्यासमोर छोटा कॅमेरा. वजन गेल्याचं जाणवलं की तो आपोआप चालू व्हायचा, काही मिनिटं चित्रण करायचा आणि कायमचा बंद व्हायचा. मुख्याध्यापकांना हा सगळा पोरखेळ वाटे. प्रयोग फसला तर बाईंचं विज्ञान मंडळ बंद आणि त्या तासाला शुद्धलेखन, असं त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर सांगून टाकलं होतं.

बाई पालकसभेला गेल्या आणि नवऱ्याच्या आईंनी जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"अरे, तो डबा हलव. ताटं कुठं मांडू मी?"

"हात लावायचा नाही म्हणालीय ती."

"मग काय डब्यावर जेवायचं?"

नवऱ्यानं विचार केला. घरात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे झोपायच्या खोलीतल्या कपाटाचा माथा. तिथं मांजरही जात नाही. त्यानं टाचा उंचावून डबा वर सरकवला. वर आधीच एक बॅग होती, ती मागच्या भिंतीवर आपटली आणि तिनं डब्याला परत ढकललं. डबा त्याच्या कानाजवळून थेट पलंगावर आला. गादी दुकानातली सगळ्यात भारी होती, म्हणून डब्याला खरचटलंही नाही. कोपऱ्यात एक हिरवा दिवा मात्र लागला.

पडताना वस्तूचं वजन जातं, हे बाईंनी त्याला जेवताना कितीदा तरी समजावलं होतं आणि त्यानं दर वेळी मान डोलावली होती. आज पहिल्यांदा ते त्याला समजलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, कॅमेरा चालू झाला."

"मग बंद कर."

"बटणच नाही त्याला."

आई क्षणभर विचारात पडल्या. "आपला जुना रेडिओ थापट मारली की चालू व्हायचा आणि थापट मारूनच बंद व्हायचा. पडून चालू झालाय ना? पाड पुन्हा."

एरवी त्यानं हे ऐकलं नसतं. पण घाबरलेल्या माणसाला कुठलाही उपाय चालतो. त्यानं डबा डोक्यावर धरून गादीवर सोडला. दिवा तसाच. मग स्टुलावर चढून सोडला. दिवा लुकलुकला आणि पुन्हा तसाच.

"उंची कमी पडतेय," आई म्हणाल्या. आता त्यांनाच चेव चढला होता.

उंची म्हणजे जिना. मधल्या पोकळीतून डबा सरळ खाली गेला असता, फक्त झेलायला कुणी तरी हवं होतं. आई पलंगावरची चादर घेऊन खाली उतरल्या आणि तळमजल्यावरच्या दंतवैद्यांना त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरायला लावलं. नवरा वरच्या कठड्यावर वाकला. डबा त्याला सोडवेना.

"घाबरू नका," दंतवैद्य खालून सवयीनं म्हणाले, "क्षणात होऊन जाईल."

झालंही. एकदा, दोनदा, कितीदा तरी. त्या धांदलीत कोण काय बोललं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शेवटी दिवा विझला. कॅमेऱ्याची मिनिटं संपली होती, पण तिघांना वाटलं की आपण जिंकलो. डबा पुसून टेबलावर गेला, आणि बाई घरी आल्या तेव्हा आई जमिनीवर ताट मांडून जेवत होत्या.

त्यानंतर नवऱ्यानं बायकोला खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागितला. रॉकेट वर गेलं, खाली आलं. डबा शाळेत परतला. सभागृहात मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक आणि कंपनीचा इंजिनियर जमले. मागच्या रांगेत आई आणि नवरा बसले होते.

पडद्यावर निळी बाटली दिसली. गादीवरचे एकदोन धपके झाले, मग जिन्यात घुमणारा आईंचा आवाज आला.

"जरा वरून सोड रे. आणि तो मुख्याध्यापक नुसती खुर्ची उबवतो, माझ्या सुनेला एवढ्याशा कामात मदत नाही करत."

मुख्याध्यापक बसल्या जागी किंचित पुढे सरकले.

"आई, ओरडा खाईन मी, त्याचं काही नाही," नवऱ्याचा आवाज म्हणाला. "पण या डब्यापायी ती रात्र रात्र जागलीय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर मला नाही बघवणार. धरा हं, सोडतोय."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला. नवऱ्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"बाई, परत दाखवा ना," पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. "पाणी वर चढतंय."

बाईंनी चित्र मागे घेतलं आणि सावकाश सोडलं. डबा पडत असताना निळं पाणी सपाट राहतच नव्हतं. कडेकडेनं काचेवर चढत होतं आणि मध्ये खळगा पडत होता. गादीवर पडताना थोडंसं, स्टुलावरून जास्त, जिन्यातून तर जवळजवळ बुचापर्यंत. मुलं जागा सोडून पडद्याशी गोळा झाली. प्रत्येक वेळी डबा सुटला की सगळी एका सुरात "गेलं वजन" म्हणू लागली.

"रॉकेटमधलं काहीच नाही यात," इंजिनियर हसत म्हणाला. "पण आमचे शास्त्रज्ञही आधी उंचावरून वस्तू सोडूनच बघतात. पुढच्या उड्डाणात जागा आहे. याच्यापुढचा प्रश्न घेऊन या."

बाई मागच्या रांगेपाशी आल्या. "घरी चला, मग बघते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता नवऱ्याचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला. सगळ्या शाळेदेखत असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक घसा खाकरत आले. आईंनी पदर सावरला आणि बोलणी खायची तयारी केली.

"मंडळ चालू राहील," ते छताकडे बघत म्हणाले. मग आवाज खाली आणला. "मी राहतो ती इमारत चार मजली आहे. जिना अगदी मोकळा. फक्त चादर सिंगल आहे आमच्याकडे."

"डबलची मी आणते," आई म्हणाल्या. "तुम्ही टोक धरायला उभे राहा."