साडूपेक्षा एक इंच

"सोमवारी गिरणीचा टँकर माझाच घोडा ओढीन, आन् प्रेमसिंग कडेले उभा राहून पाहीन," असं देवसिंग राठोडनं घरात जाहीर केलं, तेव्हा लालीबाई तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. प्रेमसिंग तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे देवसिंगचा साडू.

त्या वर्षी कापसाच्या गाठींना गिऱ्हाईक नव्हतं. घाटंजीहून गाठी वाहणाऱ्या या दोघांचेही ट्रक दारात धूळ खात होते. सरकी मात्र घाण्यात जात होती, आणि लोहाऱ्याच्या एका तेल गिरणीनं टँकर ओढायचं काम काढलं होतं. टँकर गिरणीचा; तो ओढणारं पुढचं इंजिन, ज्याला सगळे घोडा म्हणतात, ते ज्याचं त्यानं आणायचं. दोघांनी ट्रक विकून जुने घोडे घेतले. काम एकालाच मिळणार होतं; सोमवारी जो टँकर जोडून दाखवेल, त्याला.

घोड्याच्या पाठीवर जाड लोखंडी ताट असतं. टँकरच्या पोटाखालची खुंटी त्यात अडकली की गाडी निघाली. ते ताट बसवावं तर लोहाऱ्याच्या मन्सूर मिस्त्रीनंच.

"किती उंच ठेवू?" मन्सूरनं विचारलं.

"साडूचं किती हाये?"

"एकोणपन्नास इंच."

"मग माझं पन्नास करा."

"देवसिंगभाऊ, ही मिशी नाही. टँकरच्या मापानं ठेवा लागते."

"हे प्रेमसिंगले सांगतलं का?"

"सांगतलं."

"त्यानं आयकलं?"

मन्सूरनं दाढी खाजवली. "नाही."

"मग मीच काहून आयकू?"

दोन दिवसांनी लालीबाई बहिणीकडून आली. "त्यायचं ताट एक्कावन्न झालं म्हणे. गल्लीतले लोक पाहाले येऊन राह्यले."

देवसिंगनं हातातला घास ताटात परत ठेवला. लोक काय पाहायला येतात? त्याच्याकडे तर शेजारचा कुत्राही फिरकला नव्हता. तो ताटावरून उठला आणि घोडा घेऊन तडक लोहाऱ्याला गेला. बावन्न. शनिवारी कळलं, प्रेमसिंग त्रेपन्नावर आहे. रविवारी देवसिंग चौपन्नावर. मन्सूर ताटाखाली लोखंडाचे पाटे सारून वेल्डिंग करत गेला. समजावणं त्यानं बुधवारीच सोडलं होतं.

सोमवारी गिरणीचे मॅनेजर नंदकिशोर देशपांडे चष्मा पुसत अंगणात उभे राहिले. पहिला मान देवसिंगचा. रिकामा टँकर पुढच्या दोन पायांवर टेकवलेला होता. देवसिंगनं घोडा मागं घेतला. ताट टँकरखाली सरकायचं, ते जाऊन टँकरच्या नाकाडावरच आदळलं.

"राठोड, थांबा. तुमचं ताट उंच होतंय," देशपांडे म्हणाले.

देवसिंग थांबलाही असता. पण आरशात त्याला प्रेमसिंग दिसला, आणि प्रेमसिंग हसत होता. देवसिंगनं गाडी रेटली. टँकर पाय घासत मागं गेला आणि सरकीच्या ढिगात शिरला. पाय रुतले. टँकर पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखा नाक खाली घालून बसला.

"सरका, मी दाखोतो," प्रेमसिंग म्हणाला.

त्याचं ताट टँकरला आणखी वर धडकलं. पत्र्याला परातीएवढा खड्डा पडला आणि टँकर हातभर अजून आत गेला.

खड्ड्याकडे देवसिंगचं लक्षच नव्हतं. तो प्रेमसिंगच्या ताटाकडे टक लावून बघत होता. पंचावन्न! म्हणजे हा आज सकाळी पुन्हा मन्सूरकडे गेलता.

देशपांड्यांनी मन्सूरला बोलावलं. "दोघांची ताटं खाली आणायला किती दिवस?"

"चार तरी लागतीन, साहेब. सारे पाटे कापा लागतीन."

"टँकर भरून माल आज नागपूरला पोचायचाय हो."

मग देशपांड्यांनी फोन केला आणि यवतमाळहून बाबुलाल नावाचा घोडेवाला आला. घोडा रंग उडालेला, दाराला दोरी बांधलेली, ताट कारखान्यातून आलं त्याच उंचीचं. ट्रॅक्टरनं टँकर ढिगातून ओढून काढला. बाबुलालनं विडी न विझवता घोडा मागं घेतला. खट्ट आवाज झाला, खुंटी बसली. "विडी विझवा आधी," देशपांडे म्हणाले, आणि वर्षभराचं काम त्याला दिलं.

दोघे साडू आपापल्या घोड्याजवळ उभे राहून ते पाहत होते. 

देवसिंग घरी आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. लालीबाईनं भाकर वाढली.

"काय झालं कामाचं?"

"प्रेमसिंगले नाही भेटलं."

"आन् तुमाले?"

देवसिंगनं ठेचा ओढून घेतला. "अजून एक भाकर टाक," तो म्हणाला, "आज भूक चांगली लागली."