डाव्या कानातला पंढरी

"बाबा, पाच वाजता वापसीवाला येणार हाय. ठेवायचं का वापस द्यायचं, एकदाचं सांगून टाका," असं म्हणत वर्षाराणीनं ती पांढरी डबी आप्पासाहेबांच्या ताटाजवळ सरकवली.

आप्पासाहेबांनी डबीकडं पाहिलंच नाही. भाकरी कुस्करत त्यांनी विचारलं, "आजच कामून?"

"वापसीची मुदत आज संपते. आठ दिवस झाले येऊन, तुम्ही एकदा बी कानात घातलं न्हाई."

"घालतो ना. सप्ताह होऊ दे."

"सप्ताह परवा संपणार, बाबा. मुदत आज!"

डबीत बिनवायरचे दोन इअरफोन होते. गोल, गुळगुळीत, पांढरेशुभ्र. चतुराबाईंनी चुलीपुढूनच त्यांच्याकडं एक नजर टाकली. "दे वापस. दिसायला निव्वळ साखरफुटाणा हाय. ह्यांच्या कानात ते टिकणार व्हय? त्या कानात तीस वर्षं माझं बोलणं टिकलं न्हाई."

वर्षाराणी हसली. आप्पासाहेब हसले नाहीत. ते वर्षभर फारसे हसलेच नव्हते. त्यांनी बंडीच्या खिशातून जुना काळा इअरफोन काढला, त्याची वायर बोटाला गुंडाळली आणि उलगडली. उलगडली आणि गुंडाळली.

हा इअरफोन पंढरीनं दिलेला. पंढरी म्हणजे त्यांचा बालमित्र आणि भोकर तालुक्यात चाल म्हणावी तर त्यानंच म्हणावी असा गळा. कीर्तनात महाराजांच्या डाव्या हाताला पंढरी उभा राहायचा, उजव्या हाताला टाळ घेऊन आप्पासाहेब. दोन वर्षांपूर्वी पंढरी तपासणीला म्हणून नांदेडला गेला आणि संध्याकाळच्या गाडीनं परतला. आप्पासाहेब स्टँडवर वाट पाहत उभेच होते.

"डॉक्टर काय म्हणला?"

"डॉक्टर काय म्हणणार? हे घे. वजिराबादच्या बाजारातून आणलं तुझ्यासाठी. कानात घाल अन् गप कीर्तन ऐक."

डॉक्टर काय म्हणाला होता ते आप्पासाहेबांना पुढं चार महिन्यांनी कळलं. तोवर पंढरीचं बोलणंच बंद झालं होतं.

तो गेल्यावर आप्पासाहेबांकडं दोनच वस्तू उरल्या. एक हा इअरफोन आणि दुसरी, मोबाईलमधलं चार वर्षांपूर्वीच्या सप्ताहातलं कीर्तन. मोबाईल हौदात पडल्यापासून त्याचा स्पीकर फाटका, म्हणून ऐकायचं ते कानातच. त्यात इअरफोनचा उजवा कान केव्हाच गेलेला. डावा चालायचा, पण वायर कानामागं एका ठरावीक कोनात वाकवून वरून डोक्याचा टॉवेल आवळला तरच. स्टँडसमोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या उमाशंकरनं तो तीनदा कथलाचा डाग देऊन जोडला होता. चौथ्यांदा त्यानं हात जोडले.

"आप्पा, ह्याच्यात आता जीव न्हाई. नवीन घ्या. अन् ते कीर्तन मीच रेकॉर्ड केलंय, दोन बाजूला दोन माईक लावून. तुम्ही अर्धंच ऐकून राहिलेत. उजवीकडं बी माणसं होती की."

"मला उजवीकडचं काय करायचं? पंढरी डावीकडं हाय."

उमाशंकरनं इअरफोन त्यांच्या हातात परत ठेवला.

डाव्या कानातला पंढरी एकेक चरण म्हणायचा आणि चरणाच्या शेवटी थांबायचा. एक श्वास, कधी दोन. मग पुढचा चरण. आप्पासाहेबांना वाटायचं, देवाचं नाव घेता घेता ह्याचा कंठ दाटून येतोय. त्या थांबण्यापाशी आप्पासाहेब रोज रडायचे. नव्या इअरफोनमध्ये तो थांबा असाच येईल का, ह्याची त्यांना धास्ती होती. आवाज मोबाईलमध्ये असतो, इअरफोनमध्ये नसतो, हे वर्षाराणीनं त्यांना तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती आणि विश्वास ठेवला नव्हता.

पण जुन्याचा डावा कानही कालपासून खरखरू लागला होता. पंढरी दुसऱ्यांदा चालला होता.

"आज बारा ते दोन माझा पहारा हाय," आप्पासाहेब शेवटी म्हणाले. "तेव्हा घालून पाहतो. दोन वाजता सांगतो काय ते."

"वीणा गळ्यात घेऊन कानात हे घालणार?" चतुराबाईंनी उलथनं खाली ठेवलं.

"कानात बी कीर्तनच हाय ना? का मी तमाशा ऐकून राहिलो?"

सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. ज्याच्या गळ्यात ती पडेल त्यानं पहारा संपेपर्यंत उभं राहायचं, तोंडानं नाम घ्यायचं, दुसरं बोलायचं नाही. आणि पुढचा माणूस आला की त्याच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात घालायची. मधल्या वेळात गावानं येऊन वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. त्याच्या पायापाशी साखरफुटाणे वाहायचे आणि त्यातलाच एखादा प्रसाद म्हणून उचलून तोंडात टाकायचा. ह्या गावात हे असंच चालत आलंय.

बारा वाजता मारुतीच्या देवळात आप्पासाहेबांनी वीणा गळ्यात घेतली. दोन्ही कानांत इअरफोन, वरून टॉवेल, बंडीच्या खिशात मोबाईल. कान जरा जड असल्यामुळं आवाज पूर्ण मोठा. उजव्या हाताचं बोट तारेवर, डाव्या हातात चिपळ्या. त्यांनी डोळे मिटले.

आणि पंढरी आला.

खरखर नाही, वायरीची कुरकुर नाही. गाण्याआधी घसा साफ करायची त्याची ती सवय, ताटातली खडीसाखर तोंडात टाकल्याचा कट्ट आवाजसुद्धा. आप्पासाहेबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. पाया पडायला आलेल्या दोघा-तिघांनी ते पाहिलं आणि जास्तच वाकून नमस्कार केला.

इतक्यात उजव्या कानात कुणीतरी गायला लागलं.

तेल न घातलेलं चाक चढावर ओढत न्यावं तसा तो आवाज होता. पंढरीनं चरण संपवला की हा माणूस खालून चाचपडत वर यायचा, एकदा सुराच्या पुढं निघून जायचा, मग मागं यायचा आणि कुठंतरी आसपास टेकायचा. कोण हा नतद्रष्ट, आप्पासाहेबांना वाटलं. एवढ्या सोन्यासारख्या गाण्याची माती करून राहिलाय! उजवीकडं त्या दिवशी उभं कोण होतं?

उजवीकडं त्या दिवशी टाळ घेऊन आप्पासाहेब उभे होते.

हे ध्यानात येईस्तोवर पुढचा चरण संपला. पंढरी थांबला. उजव्या कानातला माणूस खाली गेला, वर गेला, धडपडत सुराला लागला आणि तेव्हाच पंढरीनं पुढचा चरण उचलला. पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या वेळी पण तसंच.

पंढरीचा कंठबिंठ काही दाटला नव्हता. तो चारचौघांत, भर कीर्तनात, आप्पाचा सूर लागायची वाट बघत उभा होता.

आप्पासाहेबांनी "नाही, नाही" अशी जोरात मान हलवली. टॉवेल सैलावला, उजव्या कानातलं सटकलं, वीणेच्या भोपळ्यावर टण्णकन आपटलं आणि पायापाशी साखरफुटाण्यांच्या ढिगात जाऊन पडलं.

त्याच वेळी रत्नम्मा वाकली होती.

रत्नम्मा गावातली सगळ्यात म्हातारी. सून म्हणून सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखातून आली, त्याला साठ वर्षं उलटली असतील. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात उरलेली एकच दाढ. तिनं आप्पासाहेबांच्या अंगठ्याला डोकं टेकवलं, ढीग चाचपला, त्यातला बरा मोठा बघून एक उचलला आणि तोंडात टाकला.

"रामकृष्णहरी!" आप्पासाहेब ओरडले. त्यांना दुसरं काही बोलायची परवानगी नव्हती.

"रामकृष्णहरी, बाबा," रत्नम्मा म्हणाली आणि खांबाला टेकून चोखत बसली.

आप्पासाहेबांनी भुवया उडवल्या, हनुवटीनं खांबाकडं दाखवलं, चिपळ्या आपटल्या. "रामकृष्णहरी! राम! कृष्ण! हरी!" बायका एकमेकींना म्हणाल्या, आज आप्पांची तंद्रीच लागली. एकीनं येऊन त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. तो डोळ्यात गेला. आता ते रडतच नाम घेऊ लागले आणि पाया पडणाऱ्यांची रांग देवळाबाहेर गेली.

पाचएक मिनिटांनी रत्नम्मानं चोखणं थांबवलं. गालावर हात ठेवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग उजळला.

"अय्यो, देवा! माझ्या तोंडात देव बोलून राहिला!"

"काय म्हणून राहिली आज्जी?"

"दाढेत नाम चाललंय गं! टाळ वाजून राहिलेत!"

पहिल्यांदा सगळे हसले. मग एकीनं आज्जीच्या गालाला कान लावला आणि किंचाळून मागं सरली. "अगं बाई! खरंच!" देवळात कल्लोळ उडाला. कुणी आज्जीला हार घातला, कुणी दूध आणायला पळालं. उमाशंकर आपला माईक घेऊन धावला, पण दाढेतलं नाम माईकला लागेना. गर्दीत वर्षाराणी होती. तिनं बापाच्या उजव्या कानाकडं पाहिलं, आज्जीच्या गालाकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

एवढ्यात गर्दी सारत चतुराबाई पुढं झाल्या. पदर सावरून, डोळे मिटून त्यांनी भक्तिभावानं आज्जीच्या गालाला कान लावला. क्षणभर चेहरा अगदी शांत. मग एक भुवई वर गेली.

"देव कशाचा?" त्या म्हणाल्या. "हे आमचे हायती!"

"काय बोलता, काकू?"

"तीस वर्षं न्हाणीतून ऐकून राहिले. देव असता तर सुरात नसता का म्हणला?"

सगळं देऊळ आप्पासाहेबांकडं वळलं. आप्पासाहेब मारुतीकडं बघत बारीक आवाजात म्हणाले, "रामकृष्णहरी."

आता वर्षाराणी पुढं आली. "आज्जी, थुकून टाका. ते खायचं न्हाई."

"परसाद थुकू?" रत्नम्मानं ओठ घट्ट मिटले. "वीणेपाशी उचललाय म्या. पाप लागंल."

"परसाद न्हाई तो! मशीन हाय!"

"कायबी असंल. तिथं पडला म्हणजे परसाद. विरघळंना, ते त्याचं तो बघंल."

उमाशंकरनं विनवलं, सरपंचांनी समजावलं. आज्जी ऐकेना. प्रसाद थुंकू नये हे बरोबरच होतं, त्यामुळं कुणाला पुढं बोलताही येईना. गिळला तर काय, ह्या विचारानं आप्पासाहेब देवळातल्या घड्याळाकडं बघत भराभर नाम घेऊ लागले. दोन वाजले. पुढच्या पहाऱ्याचा रामलिंग पंगतीत जेवत बसला होता; तो सव्वादोनला ढेकर देत आला. आप्पासाहेबांनी कशीबशी त्याच्या पायावर डोई टेकवली, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि खांबाकडं धाव घेतली.

"आज्जी, ते माझ्या कानातून पडलंय!"

रत्नम्मा थबकली. "कानातून?"

"हाव. उजव्या."

"तुझ्या कानातलं माझ्या तोंडात?"

आणि तिनं जे थुंकलं, ते थेट चतुराबाईंच्या पायापर्यंत आलं.

उमाशंकरनं ते धुतलं, फुंकलं, उन्हात ठेवलं, स्वतःच्या कानाला लावून बघितलं. "गेला, आप्पा. डावा ठणठणीत हाय. उजवा गेला."

पाच वाजता वापसीवाला आला. त्यानं डबी उघडली, उजवा नाकाजवळ नेला आणि दूर धरला. "ह्याला काय झालं?"

"त्याचा परसाद झाला," वर्षाराणी म्हणाली.

वापसीवाल्यानं डबी मिटून ओट्यावर ठेवली आणि गाडी सुरू केली.

दिवेलागणीला आप्पासाहेब ओट्यावर एकटेच बसले. आता त्यांच्याकडं जुना डावा आणि नवा डावा असे दोन डावे कान झाले होते. जुना त्यांनी वायर नीट गुंडाळून भिंतीतल्या देवळीत पंढरीच्या फोटोपाशी ठेवला. नवा कानात घातला. देवळाकडून टाळ ऐकू येत होते. डावीकडच्या रिकाम्या जागेवर यंदा कुणी उभं राहिलं नव्हतं.

पंढरीनं घसा साफ केला. चरण उचलला. स्वच्छ, अंगणात उभं राहून म्हणावा तसा. चरण संपला आणि तो थांबला.

आप्पासाहेबांचे डोळे सवयीनं भरून आले, पण आज ते रडले नाहीत. उजव्या कानात काहीच नव्हतं. पंढरी तिकडं उभा होता, इतका वेळ थांबून, आणि इकडून कुणी येत नव्हतं. एक श्वास. दोन.

आप्पासाहेबांनी छाती भरून घेतली आणि मोठ्यानं सुरुवात केली. आधी खाली गेले, मग वर. समोरच्या कडुनिंबावरचे बगळे उडाले. शेजारच्या गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली.

"अवो!" आतून चतुराबाई ओरडल्या. "जरा सूर तरी लागू द्या!"

"लागतो, लागतो," आप्पासाहेब म्हणाले. "पंढरी थांबलाय."