बाण दाखवेल तिकडे

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या वायरमनला एकाच गोष्टीचं अप्रूप होतं. वीज गेली की आपोआप उजळणारे, बाहेरची वाट दाखवणारे हिरवे बाण. दर महिन्याला तो मुद्दाम वीज तोडून त्यांची चाचणी घेई आणि ते उजळले की पहिल्यांदाच पाहिल्यासारखा हरखून जाई.

अधीक्षकांना मात्र या चाचणीचा वैताग आला होता.

"आजची शेवटची," ते सकाळीच म्हणाले. "त्या बाणांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उद्यापासून तुम्ही पाण्याच्या पंपावर."

शेवटची तर शेवटची, पण झोकात व्हायला हवी, म्हणून वायरमनने सगळ्या बाणांच्या काचा काढल्या, घरून आणलेल्या मऊ फडक्याने लख्ख पुसल्या आणि परत बसवल्या. अकरा वाजता वरच्या मजल्यावर जाऊन त्याने रुग्णांना आणि सिस्टरना समजावलं, "दिवे गेले की घाबरायचं नाही. बाण दाखवेल तिकडे चालायचं. खाली अंगणात भेटू." अधीक्षकही घड्याळ बघत येऊन उभे राहिले.

त्याने खाली येऊन खटका ओढला आणि तो जिन्यापाशी थांबला. पाच मिनिटं गेली. कठड्याला धरून एक आजोबा तेवढे उतरले.

"बाकीचे कुठायत?"

"मला काय माहीत, बाबा?"

तो धावत वर गेला. बोळ रिकामा. बाकांवर पिशव्या होत्या, एक चप्पलही होती, माणूस मात्र औषधालाही नव्हता. तेवढ्यात उजवीकडच्या चादरींच्या कोठीत कुणीतरी शिंकलं.

त्याने दार उघडलं. आत चाळीस माणसं, एकमेकांना खेटून, पण नंबराप्रमाणे, शहाण्यासारखी उभी होती. कुणाची काही तक्रारही नव्हती.

"सिस्टर, इथे काय करताय?"

"बाण इकडेच होता."

"अहो, जिना डावीकडे आहे. अठरा वर्षं रोज चढताय तुम्ही."

"म्हणूनच म्हटलं, काहीतरी नवीन सोय केली असेल."

त्याने वर पाहिलं. कोपऱ्यावरची काच त्याने स्वतःच्या हाताने उलटी बसवली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच वेळी त्याचा ऊरही भरून आला. पायाखालचा जिना सोडून चाळीस माणसं एका बाणाच्या शब्दावर इथे आली होती.

उशांच्या ढिगामागे कुणीतरी खाकरलं. अधीक्षक होते.

"साहेब, तुम्ही सगळ्यांत आत?"

"मी सगळ्यांत पुढे होतो," अधीक्षक म्हणाले.

अंगणात आल्यावर त्यांनी आजोबांना विचारलं, "तुम्ही एकटेच बरोबर कसे उतरलात?"

"डोळ्यांत औषध घातलंय. मला कुठे दिसतोय बाण? आलो तसा गेलो."

अधीक्षकांनी खांद्यावरचा धागा झटकला.

"पुढची चाचणी कधी?"

वायरमनला कानांवर विश्वास बसेना. "पुढच्या महिन्यात, साहेब."

"पुढच्या आठवड्यातच घ्या. फक्त आधी बाणामागून तुम्ही एकटे चालून या. मग आम्ही येतो."