धामणखोलच्या डब्याची हरकत

माडबंदर तालुक्यातल्या पाच साठवण-डब्यांनी सोमवारी सकाळी एकमेकांशी जोडून घ्यायला नकार दिला आणि कारण लेखी कळवलं: आम्हाला कुणी दारात येऊन बोलावलेलं नाही.

पत्र अगदी रीतसर होतं. विषय, संदर्भ, खाली पाचही गावांची नावं. जोडणी सहायक सुनेत्रा खोबरेकर हिने ते दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. चूक तिचीच होती.

त्याचं असं आहे. माडबंदरच्या दप्तर कार्यालयात कागद ठेवत नाहीत. एका पुरात सगळे वाहून गेले, तेव्हापासून प्रत्येक कागदाचे पाच तुकडे करून ते पाच गावांतल्या पाच डब्यांत ठेवतात. डबा म्हणजे तसा संगणकच, पण हंड्याएवढा आणि दिवसभर गुणगुणणारा. कुणी सातबारा मागितला की पाचही डबे आपापला तुकडा पाठवतात आणि कागद पुरा होतो. एरवी ते दर अर्ध्या तासाने एकमेकांना विचारतात, "आसस मां?", म्हणजे आहेस ना. समोरून "आसंय" असं उत्तर आलं की निर्धास्त. तीनदा विचारून उत्तर नाही आलं, तर तो डबा गेला असं धरायचं आणि नाव कमी करायचं. कुणी कुणाला विचारायचं, ही यादी सुनेत्रा करायची.

गेल्या आठवड्यात वरून नवी प्रणाली आली आणि जुनी यादी पुसली गेली. सुनेत्राने नवी यादी टेबलाशी बसून, चहा पिता पिता, अकारविल्हे टाइप केली आणि पाठवून दिली. अकारविल्हे! ज्या तालुक्यात साध्या साखरपुड्याचं बोलावणंसुद्धा घरी जाऊन, हळदकुंकू लावून करतात आणि कुणाकडे आधी गेलात यावरून वर्षभर बोलणं टाकतात, त्या तालुक्यात!

"खोबरेकर मॅडम, नियमात आमंत्रणाची तरतूद नाही," दप्तरप्रमुख नाडकर्णी म्हणाले. मग त्यांनी नियमपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "मनाईही आढळत नाही. जाऊन या. पण शुक्रवार लक्षात आहे ना?"

शुक्रवार ती कशी विसरेल? नऊ वर्षं कंत्राटावर काढल्यावर तिच्या कायम नेमणुकीचा आदेश निघाला होता, आणि बाकीच्या कागदांसारखाच पाच तुकडे होऊन डब्यांत गेला होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तो पुरा करून नाडकर्णींच्या टेबलावर ठेवला नाही, तर पदच रद्द. दहावं कंत्राट कुणाला देत नाहीत. सुनेत्राचं वय एकेचाळीस, आईवडील गेलेले, भाऊ मस्कतला, राहायला भाड्याची खोली.

मंगळवारी ती नारळ आणि करंडा घेऊन निघाली.

कुंभारवण्याचा डबा ग्रामपंचायतीत असतो, सगळ्यांत जुना. त्याने पडद्यावर एवढंच विचारलं, "आधी कुणाकडे गेला होतात?"

"कुणाकडेच नाही. पहिला मान तुमचा."

डब्याचा हिरवा दिवा लागला.

साळशेतच्या डब्याचं म्हणणं, बोलावणं सहकुटुंब हवं. कुटुंबात कोण कोण, असं सुनेत्राने नोंदीसाठी विचारलं. पंखा आणि बॅटरी, असं उत्तर आलं. तिने दोघांनाही कुंकू लावलं. पोफळवाडीचा डबा साळशेतशी थेट बोलायला तयार होईना. मागे वादळात वीज गेली तेव्हा साळशेतने दोन दिवस साधी विचारपूस केली नव्हती. शेवटी कुंभारवण्याच्या मध्यस्थीने बोलेन, इतपत तो आला. आणि कार्यालयातला माडबंदरचा डबा म्हणाला, "आम्ही घरचेच, आम्हाला कसलं बोलावणं!" पण नारळ समोर ठेवेपर्यंत काही तो जोडला गेला नाही.

उरला धामणखोल. तिथला डबा रत्नप्रभाकाकी परब यांच्या रेशन दुकानात, गव्हाच्या पोत्यांशेजारी. पाचांत सगळ्यांत लहान. नऊ वर्षं महिन्यातून एकदा सुनेत्रा तिथे जायची, ओढणीच्या टोकाने त्याच्यावरचा पिठाचा थर पुसायची आणि काकींच्या हातचा चहा प्यायची. हा तर हसत जोडला जाईल, म्हणून तिने त्याला गुरुवारवर ठेवला होता.

डबा गुणगुणतसुद्धा नव्हता.

"काल सकाळपासून असाच," काकी म्हणाल्या. "बाय, तेका राग इलोहा."

"शेवटी आले म्हणून?"

पडद्यावर अक्षरं उमटली. "मानाबद्दल हरकत नाही. हरकत आदेशाबद्दल आहे. शेवटचं पान माझ्याकडे असतं. त्यावर नेमणुकीचं ठिकाण आहे. नंदुरबार."

सुनेत्रा पोत्यावर बसली. कायम झालं की बदली होते, हे तिला माहीत होतं. पण नंदुरबार! राज्याचं अगदी दुसरं टोक.

"तू तुकडा दिला नाहीस तर माझी नोकरी जाईल," ती म्हणाली.

"कल्पना आहे."

"मग?"

"नंदुरबारला तुम्हाला 'आसस मां?' असं कोण विचारणार?"

आई गेल्यापासून इथेही तसं तिला कुणी विचारत नव्हतं. महिन्यातून एकदा या दुकानात काय ते. ती रडली. काकींनी साखर जरा जास्त घालून चहा केला, आणि गिऱ्हाइकांना हाताने बाहेरच थांबवलं.

चहा संपल्यावर सुनेत्राने डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि यादीत धामणखोलच्या डब्यापुढे सहावं नाव टाइप केलं: खोबरेकर सुनेत्रा वसंत. मग उठून काकींकडून स्वतःला कुंकू लावून घेतलं, कारण बोलावणं सगळ्यांना सारखं हवं.

डबा गुणगुणायला लागला.

शुक्रवारी नाडकर्णींनी यादी बारकाईने तपासली.

"साठवण क्षमता?"

"पुरेशी आहे, सर. पाठांतर चांगलं आहे माझं."

"भरतीचं पाणी शिरण्याचा धोका?"

"नंदुरबारला समुद्र नाही."

"हं." त्यांनी सही केली. त्या दिवसापासून तालुक्यातल्या प्रत्येक कागदाचे सहा तुकडे व्हायला लागले. चार वाजून पन्नास मिनिटांनी आदेश पुरा होऊन आला. शेवटचं पान जरा रेंगाळत आलं, पण आलं.

नंदुरबारच्या कार्यालयात सुनेत्राचं बस्तान नीट बसलं. दुपारी जेवता जेवता ती मध्येच थांबते आणि स्पष्ट आवाजात म्हणते, "पूर्वेस ओढा, पश्चिमेस शिवराम परब यांचं कुंपण, फणसाची झाडं दोन." माडबंदरला कुणीतरी सातबारा मागितलेला असतो. शेजारच्या टेबलावरच्या वळवी मॅडम तेवढा वेळ घास हातात धरून थांबतात आणि मग भाजी पुढे करतात. दिवसभर दर अर्ध्या तासाने सुनेत्रा मान वर करून "आसंय" म्हणते. कोण होतं, असं वळवी मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "घरचे," ती म्हणाली होती.

श्रावणात ती तापाने आडवी झाली. रविवार होता, खोलीत एकटीच, शुद्ध हरपलेली. सकाळी उत्तर गेलं नाही ते संध्याकाळी घाम फुटून ताप उतरल्यावरच गेलं. नियमाप्रमाणे तोवर तिचं नाव कधीच कमी व्हायला हवं होतं.

पंधरवड्याने नाडकर्णींचं पत्र आलं. विषय: धामणखोल डब्याच्या नोंदवहीतील विसंगती. सदर रविवारी डब्याने पहिल्यांदा विचारल्याची नोंद एक, दुसऱ्यांदा विचारल्याच्या नोंदी अठरा, तिसऱ्यांदा विचारल्याची नोंद नाही. दुसरी खेप अठरा वेळा नोंदवण्याबाबत नियमपुस्तिका तपासली असता मनाई आढळून आली नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

सुनेत्राने पत्राची घडी घातली, उराशी धरली आणि मान वर करून म्हणाली, "आसंय रे, आसंय."