काठ आणि दोनशे बारा होड्या

प्रत्येक तळ्याला काठ असतो, ही निसर्गाची सोय आहे; तो नेमका कुठे असतो हे ठरवायला मात्र कार्यालय लागते. या तळ्याचे संरक्षण कार्यालय अगदी पाण्याच्या कडेलाच बांधलेले होते. (संरक्षण लांबून करता येत नाही.) खिडकी उघडली की तळे दिसे. वासही येई, म्हणून खिडकी बंद ठेवत.

या कार्यालयात एक मोजणीदार होता. सरळ माणूस. बावीस वर्षे तो वर्षातून एकदा फीत घेऊन तळ्याभोवती फिरे आणि हद्दीचे दगड रोवी. काठापासून तीस मीटरच्या आत बांधकाम करायचे नाही आणि तळ्यात सांडपाणी सोडायचे नाही, असा कडक नियम होता. तो एकदाही मोडला गेला नाही, याचा कार्यालयाला सार्थ अभिमान होता. एखादे हॉटेल तीस मीटरच्या आत आले की मोठे साहेब मोजणीदाराला बोलावून शांतपणे म्हणत, "बांधलेली इमारत हलवणं बरं दिसत नाही. काठ जरा सरकतो का बघा."

काठ सरके. पहिल्या वर्षी चार मीटर, मग अकरा, आणि साहेबांच्या व्याह्यांनी लग्नाचा हॉल बांधला त्या वर्षी एकशे चाळीस. दगड रोवायला मोजणीदार आधी चालत जाई, मग पँट दुमडून, पुढे पुढे होडीतून. शेवटी कागदावरचे तळे साहेबांच्या केबिनपेक्षा थोडेसे मोठे उरले. (केबिनही त्याच काळात वाढवली होती.) पाण्याचा दर्जा मात्र कागदोपत्री सुधारला. सांडपाणी आता तळ्यात नव्हे, तळ्याशेजारच्या ओल्या जमिनीत पडत होते, आणि ओली जमीन तपासणारे कार्यालय वेगळे होते. ते अजून स्थापन व्हायचे होते.

मोजणीदाराला याचे काही वाटत नसे असे नाही. वाटे, पण ते घरी पोचेपर्यंत टिकत नसे.

एके सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून. तिचे घर काठावर होते, म्हणजे कागदावर काठापासून चारशे मीटर लांब. वरच्या बंधाऱ्याचे दार उघडल्यामुळे पाणी चढले होते.

"तुझं तळं माझ्या स्वयंपाकघरात आलंय," ताई म्हणाली. "फेसासकट."

साहेबांनी त्यालाच पंचनाम्याला पाठवले. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. हॉटेलच्या भांड्यांचा फेस आणि हॉलमधल्या कागदी बशा त्याच्या पायांभोवती तरंगत होत्या. ताई ओट्यावर मांडी घालून बसली होती.

"भरपाई मिळेल ना रे?"

"ताई, कागदावर हे पाणी तळ्याचं नाही."

"मग कुणाचं आहे?"

मोजणीदाराने नियमावली चाळली. "बेवारस."

"मग घेऊन जा. बेवारस वस्तू सरकारजमा करतात ना?"

तिने वरूनच त्याला चहा दिला. चहाला साबणाचा वास होता. ती रोज हाच चहा पिते, हे त्याला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून अगदी पहिला नकाशा काढला आणि बावीस वर्षांत प्रथमच काठ खरा मोजला. हातात खडू घेऊन तो निघाला. रेघ हॉटेलच्या मुदपाकखान्यातून गेली, हॉलच्या स्टेजवरून गेली, आणि दोनशे अकरा इमारती तळ्यात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेबांची खुर्ची जमिनीवर राहिली, टेबल तळ्यात गेले. साहेबांनी पाय वर घेतले.

"हे काय?"

"काठ, साहेब."

"हलतो का बघा."

"हलेल. पण मी हलवणार नाही."

त्याने पँट दुमडली. (तो टेबलाच्या बाजूला, म्हणजे पाण्यात उभा होता.)

साहेब रागावले नाहीत. मोठे साहेब उगीच मोठे होत नाहीत. त्यांनी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत विचार केला आणि विचारले, "तळ्यात इमारत चालत नाही. होडी?"

"होडी चालते, साहेब. कलम सात."

संध्याकाळी आदेश निघाला. काठाच्या आत येणाऱ्या सर्व वास्तू होड्या समजाव्यात. होडी म्हणजे 'जी पाण्यात असून बुडण्याची शक्यता आहे अशी कोणतीही वस्तू'. प्रत्येक होडीवर क्रमांक रंगवावा आणि दोन वल्ही ठेवावीत. होड्यांना सांडपाण्याची नळजोडणी माफ, कारण फिरत्या वस्तूला नळ जोडता येत नाही. कार्यालयासकट दोनशे बारा होड्या झाल्या. कार्यालय ही होडी क्रमांक एक. काठ मूळ जागी आणल्याबद्दल मोजणीदाराचा सत्कार झाला. टाळ्या वाजत असताना त्याला कुठे बघावे ते कळेना.

ताईचे घर सत्त्याऐंशी क्रमांकाची होडी ठरले.

"आता तरी भरपाई?" तिने विचारले.

"होडी बुडाली तर दोष नावाड्याचा धरतात, ताई."

ताईने वल्हे उचलले आणि स्वयंपाकघरातला फेस दाराबाहेर ढकलू लागली. दुसरे वल्हे त्याने घेतले.

आदेश कायम करण्याआधी जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. तीस दिवसांची मुदत होती. मोजणीदाराला मोठी आशा होती; तो रोज सकाळी स्वतः हरकतींची पेटी उघडत असे. हरकत एकही आली नाही. अर्ज आले, अकराशे चाळीस. बहुतेक तळ्यापासून चार-चार किलोमीटरवर, टेकडीवर राहणाऱ्यांचे: आमचेही घर होडी ठरवावे, म्हणजे सांडपाण्याची कटकट मिटेल. मोजणीदाराने ते सगळे वाचले. तुमचाही वाचला. अक्षर सुंदर आहे. 'होडी कोणत्या तळ्यात आहे' ही ओळ तेवढी तुम्ही कोरी सोडली आहे. ती भरायला एकदा कार्यालयात येऊन जावे. येताना प्यायचे पाणी घरून आणायची गरज नाही. तुमच्या नळाला येते तेही इथलेच असते.