पेशकारसाहेबांचे वजिफे

दुसऱ्याच्या घरावर संकट आलं की पेशकारसाहेबांचा चेहरा उजळायचा.

माझे वडील वारले त्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, काखेत छत्री. माणसं खाली माना घालून बसलेली, आई भिंतीला टेकलेली. पेशकारसाहेबांनी रीतसर थोडा वेळ दुःख केलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅट्रिकला फर्स्ट क्लास पडला ना तुला?"

मी मान हलवली.

"आन् वडील गेले. म्हंजी बराबर जुळलं." मग आईला म्हणाले, "वहिनी, पोराचं नशीब जोरात आहे."

मामानं त्यांना दंडाला धरून अंगणात नेलं. चपला चढवता चढवता ते मामालाच समजावत होते, "अहो, रागावता काय? निकालाच्या अगोदर गेले असते तर हे कलम लागू झालं नसतं!"

त्याच कलमाखाली मिळालेल्या वजिफ्यावर मी पुढे बी. ए. झालो. आईनं मात्र त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

पेशकारसाहेब अंबडच्या कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशापुढे कागद ठेवायचे, तारखा पुकारायच्या, हे त्यांचं काम. सगळं उर्दूत. निजामाचं राज्य गेलं, कोर्टाची भाषा बदलली आणि पेशकारसाहेब वेळेआधीच पेन्शनीत निघाले. मूलबाळ नव्हतं. आता या माणसानं देवदेव करावा, पत्ते कुटावेत. पण त्यांनी वजिफ्यांचा नाद लावून घेतला. वजिफा म्हणजे स्कॉलरशिप. तालुक्यातलं कोणतं पोर कॉलेजला जाण्याजोगं आहे आणि कोणत्या गावचा कोण शेठ आईच्या नावानं दान करायला बसलाय, याचा ते रात्रंदिवस शोध घ्यायचे. त्यासाठी वर्तमानपत्रं मागून आणायचे. जालन्याच्या सराफ्यात, अडत दुकानांत जाऊन बसायचे. कुठे श्रीमंत म्हातारी वारली असं कळलं की तिच्या दिवसांना हजर व्हायचे, न जाणो मुलगा काही दान बोलला तर.

हे दाते एकेक अटी घालत. एकाला पोरका मुलगा हवा असायचा, एकाला पटकीनं उजाड झालेल्या गावचा. त्यामुळे पेशकारसाहेबांच्या डोक्यात माणसाचं नाव राहतच नसे. राहायचं ते त्याचं संकट. भर बाजारात ते मला हाक मारत, "अरे माझ्या बापवारल्या, इकडं ये!" शिंप्याची सुशीला नर्सिंगला गेली, ती त्यांची 'पटकीवाली'. पेशकारीणबाई कपाळाला हात लावायच्या. "अहो, लेकरांना नावं आहेत."

"नावावर वजिफा मिळला का कोणाला?" ते विचारायचे.

एक गोष्ट मात्र पक्की. अर्जात ते तसूभरही खोटं लिहू देत नसत. कोणी म्हणालं, साहेब, जमीन थोडी कमी दाखवू, तर ते भडकायचे. "खोटं बिलकुल न्हाई! आपल्या तालुक्यात खरं काय कमी आहे का?"

अर्ज गेला की मुलाखतीची तालीम. स्वतः बाजेवर मांडी घालून कमिटी व्हायचे, शेजारी पेशकारीणबाईंना बसवायचे. आपण समोर उभं राहून आपली गरिबी सांगायची. आवाज कापला की ते थांबवत. "रडायचं न्हाई. रडणाऱ्याला कमिटी पाणी पाजती, वजिफा देत न्हाई. पुन्हा सांग, वडील कशानं गेले?"

पुन्हा सांगायचं. दहा माणसांत बोलता येईल इतका बाप मेलेला होईपर्यंत सांगायचं.

माझ्याच वर्गात दिगंबर होता. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची आई अंबडला दोन-तीन घरी स्वयंपाक करायची आणि दिगंबर सगळ्यांना सांगायचा की वडील वारले. आम्ही दोघं एकदमच पेशकारसाहेबांकडे गेलो. त्याला इंजिनीअर व्हायचं होतं, हैदराबादला जायचं होतं.

"वडील?" पेशकारसाहेबांनी विचारलं.

"वारले."

"दाखला आण."

दिगंबर जागचा हलला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "जेलात आहेत. बांधावरून भांडण झाल्तं. चुलत्याला कुऱ्हाड मारली."

पेशकारीणबाई आतून पाणी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. पेशकारसाहेब मात्र बाजेवरून उठून उभे राहिले. "अरे, मंग अगोदर का न्हाई सांगितलं? बाप गेलेले ढिगानं येऊन राह्यले. बाप जेलात असलेला मी पहिल्यांदा बघतोय!"

"ते लिहू नका, साहेब. पाया पडतो."

"लिहावं तर लागलच. मेला म्हणून लिहिलं आन् उद्या कमिटीनं चौकशी केली, मंग? सगळंच जाईल तुझं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या खर्चानं औरंगाबादला गेले आणि जेलमधून दाखला घेऊन आले. दिगंबरच्या बापालाही भेटून आले. परत आल्यावर त्याला म्हणाले, "बाप बरा आहे तुझा. बाकी काही न्हाई, तू किती उंच झालास तेवढं विचारत होता." दिगंबर दाखल्याची घडी खिशात घालून निघून गेला. ती रात्र तो घरी जेवला नाही, असं त्याची आई सांगत होती.

जालन्याला एका व्यापाऱ्याच्या धर्मादाय निधीची कमिटी बसली. आम्ही बाहेर बाकावर होतो. दार उघडंच होतं. आतून प्रश्न आला, "वडील काय करतात?"

"शिक्षा भोगतात," दिगंबर म्हणाला. आवाज कापला नाही. तालीम चांगली झाली होती.

वजिफा मंजूर झाला. दिगंबर हैदराबादला गेला आणि पेशकारसाहेबांना दुसरा विषय उरला नाही. चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, कोर्टाच्या आवारात, कोणी विचारो न विचारो, "आमचा जेलवाला इंजिनेर होऊन राह्यला!" ते इतक्या आनंदानं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाईट वाटायचीसुद्धा सोय नसे. दिगंबर सुट्टीत अंबडला येईनासा झाला. मग आईला घेऊन गेला. बाप जेलातच वारला, तेव्हाही इकडे फिरकला नाही.

तसं पाहिलं तर कोणीच फिरकत नसे. कोणी तलाठी झाला, कोणी मास्तर, कोणी वकील. पेशकारसाहेब समोरून येताना दिसले की ही मंडळी गल्ली बदलत. कमिटीपुढे घासून गुळगुळीत केलेलं दुःख ज्यानं ऐकलं, त्याच्याशी पुढे हवापाण्याच्या गप्पा कशा मारणार? पेशकारीणबाई गेल्या तेव्हा खांदा द्यायला साहेबांच्या वजिफेवाल्यांपैकी मी एकटाच होतो, तोही अंबडच्याच शाळेत मास्तर असल्यामुळे. त्यानंतर ते फार थकले. नवे दाते कानावर येईनात. कोणी पोर आलंच तर त्याच्यापेक्षा तेच खुश व्हायचे.

एका चतुर्थीला म्हणाले, "राजूरच्या गणपतीला घेऊन चल मला. मोटारीनं जाऊ, मोटारीनं येऊ." मी घेऊन गेलो.

दर्शन करून आम्ही सभामंडपात टेकलो होतो. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. आधी पिवळा फेटा बांधलेले एक भारदस्त वकील उतरले, त्यांची बायको, मग नवीन लुगड्यातली तरुण मुलगी आणि शेवटी दिगंबर. सुटाबुटात. अंगानं भरला होता, तरी मी ओळखलाच. पेशकारसाहेबांनी माझ्याआधी ओळखला. गुडघ्यावर हात रोवून ते उठले, तोंडभर हसले आणि हात वर करून गर्दीतून त्याच्याकडे निघाले. मी मागं धावलो, कारण आता ते कोणती हाक मारणार हे मला ठाऊक होतं.

ते दिगंबरपासून हातभर अंतरावर पोहोचले, तोवर ती मंडळी गाभाऱ्यापुढे उभी होती आणि पुजारी अभिषेकाचा संकल्प सांगत होता. त्यानं दिगंबरच्या वडिलांचं नाव विचारलं. नाव दिगंबरनं सांगितलं आणि वकील पुढे म्हणाले, "कैलासवासी म्हणा. आमचे जावई लहान होते तेव्हाच तापानं गेले बिचारे."

दिगंबरनं वर पाहिलं. समोर पेशकारसाहेब. त्याच्या हातातलं पूजेचं ताट बायकोनं आपल्या हातात घेतलं.

"कोण हो आपण?" वकिलांनी विचारलं.

पेशकारसाहेबांचा वर केलेला हात खाली आला. दोन्ही हात जोडून ते दिगंबरला म्हणाले, "माफ करा साहेब. साहेबांची जीप पाह्यली, वाटलं विचारावं. जाफराबादची मोटार कुठून सुटती?"

दिगंबरनं नुसतं खाली, पिंपळाकडे बोट केलं.

"मेहेरबानी," पेशकारसाहेब म्हणाले, आणि पायऱ्या उतरू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पिंपळाखाली जाफराबादची मोटार उभीच होती. ते सरळ आत चढले.

"साहेब, अंबडला जायचंय आपल्याला. ही उलट्या दिशेला चालली."

"चढ जल्दी. तो वरून बघून राह्यला."

मी चढलो. पुढच्या फाट्यावर उतरलो आणि रस्त्याच्या कडेला परतीच्या मोटारीची वाट बघत बसलो. आयुष्यभर तसूभर खोटं न चालवणारा हा माणूस छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून कापसाच्या रानाकडे बघत होता.

"सासरा भला दिसतो," थोड्या वेळानं ते म्हणाले. "पोरगी बी चांगली आहे. पूजेचं ताट त्याच्या हातातून तिनं आपणहून घेतलं, पाह्यलंस का?"

"पाहिलं."

"बरं झालं."

त्यांनी हनुवटी पुन्हा छत्रीवर टेकवली. मला वाटलं, डोळा लागला. पण ते बोलले, अगदी हळू.

"एकदा नमस्कार करील असं वाटल्तं मला." आणि मग स्वतःच, "पण कोण म्हणून केला असता त्यानं?"

ऊन उतरलं तेव्हा परतीची मोटार आली. बरीच गर्दी होती. पेशकारसाहेब माझ्याआधी आत घुसले आणि शेजारच्या बाकावर छत्री आडवी ठेवून माझ्यासाठी जागा धरून बसले. कोणी बसू लागलं की म्हणायचे, "इथं माणूस आहे आमचा."